पुढचं उघडं दुकान

शहरात जगभरच्या मोठ्या माणसांची परिषद भरायची होती, आणि ती भरायच्या आधीच मंत्र्यांनी जाहीर करून टाकलं होतं की शहराचं भलं होणार. किती भलं होणार, एवढंच काय ते मोजायचं राहिलं होतं. मूल जन्माला यायच्या आधीच ते हुशार आहे म्हणून सांगत सुटावं, तसला प्रकार. पण सरकारी कामात असल्या गोष्टींना कोणी हसत नाही. मोजायचं काम आकडेवारी खात्याकडे आलं आणि खात्यानं ते धाकट्याच्या गळ्यात मारलं.

धाकटा हे काही त्याचं नाव नव्हे. घरात दोघंच भावंडं, ताई मोठी आणि हा धाकटा, म्हणून ताई त्याला तशी हाक मारायची. डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागले तरी मारायची. ऑफिसात तो साहेब होता. कुठल्या रस्त्यावरची कुठली दुकानं धरायची, दुकानदाराला काय विचारायचं, आधी काय आणि नंतर काय, हे सगळं तो ठरवायचा. माणूस कामाला चोख. आळशी नव्हता, लाचखाऊ तर मुळीच नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कोणीतरी म्हणायचं की यानं पैसे खाल्ले असणार. खाल्ले असते तर निदान त्याला शिव्या घालणं सोपं गेलं असतं.

ताईची लाँड्री होती, परिषदेच्या सभागृहाच्या अगदी मागच्या गल्लीत. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, कपडे धुवायचे आणि ताई इस्त्री करायची. भावजी अबोल माणूस. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघणारे शब्द म्हणजे पाणी आलं, पाणी गेलं, एवढेच. बोलायचं सगळं खातं ताईकडे. आई लवकर गेली आणि धाकट्याचं शिक्षण ताईच्या इस्त्रीवर झालं, पण ते तिनं कधी कोणाला ऐकवलं नाही. उलट गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं की ती सांगायची, माझा धाकटा मोठ्या ऑफिसात आहे, अख्ख्या शहराचा हिशोब त्याच्या टेबलावरून जातो. गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि शर्टाची कॉलर नीट आहे का ते बघायची.

परिषदेची तयारी सुरू झाली तसे सभागृहाभोवती लोखंडी कठडे उभे राहिले आणि कठड्यांच्या आतली सगळी दुकानं बंद करायचा हुकूम निघाला. पाहुणे यायला अजून बराच अवकाश होता, पण बंदोबस्तवाल्यांना विचारणार कोण? कुलूप लावून बाहेर पडायला ताईला एक सकाळ मिळाली. गिऱ्हाइकांचे कपडे आतच राहिले, काही तर नुकतेच मशीनमधून काढलेले, ओलेच्या ओले, टोपल्यांत. तासाभरासाठी आत सोडा, वाळत तरी घालते, म्हणून ताईनं कठड्यावरच्या पोलिसाच्या नाकदुऱ्या काढल्या. तो बिचारा म्हणाला, बाई, मलाच पाणी प्यायला जागा सोडता येत नाही. कपड्यांना बुरशी धरली. गिऱ्हाइकं ताईला रस्त्यात गाठून भांडायची आणि ती हात जोडून एकेकाची समजूत काढत फिरायची.

सरकारनं आपल्या बाजूनं एक आश्वासन दिलं होतं. मोजणीत ज्या गल्लीचा धंदा बसलेला दिसेल, त्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानाला भरपाई मिळेल. लाँड्रीच्या शेजारी एक टेलर होता, फटकळ तोंडाचा, त्याचा या आश्वासनावर काडीचाही विश्वास नव्हता. त्यानं एक वकील गाठला, गल्लीतल्या सगळ्यांना एकत्र केलं आणि कोर्टात दावा लावायचं नक्की केलं. दावा लावायला मुदत होती. सगळे सह्या करायला तयार झाले, फक्त ताई म्हणाली, थांबा, धाकट्याला विचारते.

धाकट्यानं तिला वेड्यात काढलं. कोर्टाच्या नादी लागाल तर प्रकरण वर्षानुवर्षं भिजत पडेल, म्हणाला, आणि वकिलाचं तेवढं पोट भरेल. दुकानं बंद आहेत हे सगळं शहर बघतंय. मोजणी झाली की गल्लीचा आकडा आपोआप खाली येणार, त्यासाठी कोणापुढे पदर पसरायची गरज नाही.

"ताई, मोजणी माझ्या हातात आहे," तो म्हणाला. "तू निर्धास्त राहा."

अगदी मनापासून म्हणाला. ताई मग गल्लीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आली. माझा भाऊ मोजणीत आहे, तो खोटं मोजणार नाही, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं. टेलरनं पुष्कळ कुरकुर केली, पण गल्लीत ताईचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. वकिलाला नारळ दिला गेला आणि मुदत निघून गेली.

परिषद भरली. माहिती ताजी हवी म्हणून मोजणीची माणसं त्याच दिवसांत शहरभर सुटली. त्यांच्या हातात धाकट्यानं तयार केलेल्या सूचना होत्या, आणि त्यातली एक अशी होती: दुकान बंद आढळल्यास पुढचं उघडं दुकान घ्यावं. ही काही त्यानं या खेपेला डोकं खाजवून लिहिलेली नव्हती. प्रत्येक मोजणीत ती असायचीच, मागच्या सूचनांवरून पुढच्या सूचनांत उतरत आलेली. एखादा दुकानदार आजारी असतो, एखादा गावाला गेलेला असतो, त्याच्या कुलपासमोर मोजणीच्या माणसानं किती ताटकळायचं? म्हणून पुढचं दुकान. त्यात कोणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पण या वेळी निम्म्या कुलपांचं कारण खुद्द परिषदच आहे, आणि जिचा फायदा-तोटा मोजायचा तिनंच बंद केलेली दुकानं आपण मोजणीतून वगळतोय, हे धाकट्याच्या डोक्यात आलं नाही. सख्ख्या बहिणीच्या दुकानाला टाळं लागलेलं असताना आलं नाही. आता याला काय म्हणावं, ज्याचं त्यानं ठरवावं.

पाहुणे गेले, कठडे हलले, भरलेले तक्ते ऑफिसात आले. गठ्ठा सोडल्यावर धाकट्यानं पहिल्यांदा ताईच्या गल्लीचा तक्ता काढला. त्याला वाटलं होतं, शून्याच्या आसपास काहीतरी दिसेल आणि आपण संध्याकाळी ताईला फोन करू. तक्त्यात गल्लीचा धंदा वाढला होता. थोडाथोडका नाही, चांगला दुपटीच्या वर गेला होता. गल्ल्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून त्यानं पत्ता पुन्हा वाचला. पत्ता बरोबर होता.

त्या भागात गेलेल्या माणसाला त्यानं बोलावून घेतलं. जुना माणूस, आयुष्य पायपिटीत गेलेलं, एक पाय ओढत चालायचा. ऑफिसात त्याला सगळे वणवण म्हणायचे आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. वणवणनं शांतपणे सांगितलं. गल्लीत शिरलो तर ओळीनं कुलपं. लाँड्री बंद, टेलर बंद, पलीकडचा चष्मेवाला बंद. सूचनेप्रमाणे पुढे पुढे जात राहिलो. गल्ली संपली, कठडाही संपला, आणि कोपऱ्यावर पहिलं उघडं दुकान मिळालं, ते खानावळीचं. बंदोबस्तावरचे सगळे पोलीस तिथेच जेवत होते, मालकाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्याच्या शेजारी परिषदेचे फलक छापणारा, आणि त्याच्या शेजारी बाटलीबंद पाण्याचा व्यापारी. तिघंही भली माणसं, बसवून घेऊन बोलली. त्या तिघांवर गल्लीचा तक्ता पुरा झाला.

"काही चुकलं का साहेब?" वणवणनं विचारलं. "तुमच्या सूचनेबाहेर मी एक पाऊल टाकलेलं नाही."

धाकट्यानं दुसरी गल्ली काढली, तिसरी काढली, कठड्याच्या आतल्या सगळ्या काढल्या. जिथे जास्त कुलपं, तिथे जास्त भरभराट. मूर्ख नव्हता तो, एका नजरेत त्याच्या सगळं लक्षात आलं. बहिणीला काय सांगून बसलोय तेही आठवलं.

तक्ते आणि वणवण, दोघांना घेऊन तो मोठ्या मॅडमकडे गेला. मोठ्या मॅडम म्हणजे खात्याच्या प्रमुख. बाई खाष्ट नव्हती. कोणाच्या घरी आजारपण असलं तर न मागता रजा द्यायची. तिनं चष्मा वर करून तक्ते पाहिले, वणवणला दोन-चार प्रश्न विचारले आणि तिलाही कळायला वेळ लागला नाही.

"चूक आहे," त्या म्हणाल्या. "पण ती शहरभर आहे. म्हणजे मोजणी नव्यानं करायची, आणि मंत्री तर याच आठवड्यात आकडा सांगणार आहेत. मी वर जाऊन भांडेन, माझं काय जातंय आता. पण तिथे पहिला प्रश्न मला हाच विचारतील की हे कोणाच्या लक्षात आलं आणि कसं. एवढ्या गठ्ठ्यातून तुम्ही हीच गल्ली कशी काढलीत? तुमचं कोणी आहे का तिथे?"

खात्याचा एक नियम होता. ज्याचा नातलग मोजणीच्या भागात दुकान चालवतो, त्यानं तसं आधी कळवायचं आणि त्या मोजणीतून बाजूला व्हायचं. धाकट्यानं कळवलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही; काम आवडीचं होतं, हातचं सोडवलं नाही, एवढंच. आता हो म्हटलं तर चौकशी लागणार. बहिणीला भरपाई मिळावी म्हणून यानं चूक उकरून काढली असं म्हणायला लोक कमी करणार नाहीत. बढती तोंडाशी आलेली होती तीही जाणार. हे सगळं त्याच्या मनात आलं, आणि ताईही आली. मॅडम भांडायला तयार होत्या. त्यानं फक्त खरं बोलायचं होतं.

"नाही," धाकटा म्हणाला. "माझं तिथे कोणी नाही. सहज हाताला लागली."

सहज हाताला लागलेल्या गल्लीसाठी मंत्र्यांशी कोण वाकडं घेतं? मोठ्या मॅडमनी तक्ते मिटले. म्हणाल्या, मग असं करा, शेवटी एक टीप टाका, की बंद दुकानांचा समावेश नाही. कोणाला शंका आली तर उत्तर तयार असलेलं बरं. धाकट्यानं ती टीप लिहिण्यात सबंध दुपार घालवली. शब्द बदलले, पुन्हा बदलले, अक्षर बारीक असलं तरी वाचता येईल एवढं ठेवायला लावलं. संध्याकाळपर्यंत त्याला वाटायलाही लागलं की आपण आपल्या परीनं काहीतरी केलं. माणूस स्वतःची समजूत किती स्वस्तात काढतो बघा.

अहवाल आला, पेपरात नकाशा छापून आला. जिथे धंदा वाढला तो भाग हिरवा, जितका वाढला तितका गडद. सभागृहाभोवतीचा भाग सगळ्यात गडद होता. भरपाई मिळणाऱ्या गल्ल्यांत ताईची गल्ली कुठेच नव्हती. टीप कोणी वाचली नाही.

ताईला ते दुकानाच्या जागेच्या मालकाकडून कळलं. तो तोच पेपर घेऊन आला, नकाशा वर दिसेल अशी घडी घालून. गल्लीला एवढे बरे दिवस आलेत तर भाडं जुन्यासारखं कसं राहील, म्हणाला. ताईनं त्याला रिकाम्या दांड्या दाखवल्या. बुरशी लागलेल्या कपड्यांच्या भांडणात निम्मी गिऱ्हाइकं तुटली होती, उरलेल्यांनी तेवढ्या काळात दुसरी लाँड्री धरली होती. मालक म्हणाला, ताई, मी तुमच्याशी कशाला वाद घालू, हे काय मी छापलंय का? छापणारे तुमचेच ना?

त्या दिवशी टेलर आला. ताईला वाटलं, आता हा गल्ली डोक्यावर घेणार. शिव्या खायची तिची तयारी होती. पण तो आवाज चढवून बोललाच नाही. त्यानं एवढंच विचारलं की भावानं तुमच्यापुरतं काही वेगळं केलंय का, केलं असेल तर सांगून टाका, मी रागावणार नाही. ताईला रडू कोसळलं. ते रडणं खरं की खोटं, हे त्याला कळेना आणि गल्लीलाही कळेना. टेलर शिलाई मशीन हातगाडीवर घालून गल्ली सोडून निघून गेला. जाताना भावजी त्याला मदतीचा हात द्यायला पुढे झाले, तर तो म्हणाला, राहू द्या. तेव्हापासून भावजी दुकानाच्या पायरीवरसुद्धा बसेनासे झाले.

धाकटा भेटायला गेला. जाईपर्यंत त्यानं ठरवलं होतं की सगळं सांगून टाकायचं, आणि दारात पाऊल टाकल्यावर तोंडातून निघालं ते असं की वरून आकडे फिरवले, माझं काही चाललं नाही. ताईनं ते लगेच मान्य केलं. तू एकटा कुठे कुठे पुरणार, म्हणाली. कोणी त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोललं की ती त्याची बाजू घेऊन भांडायची, आणि त्या भांडणांत गल्लीशी उरलंसुरलं नातंही गेलं. धाकट्याला हे भावजींच्या तोंडून कळलं. त्या दिवशी ते एवढं एकच वाक्य बोलले होते. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी खरं काय ते त्यानं सांगितलं नाही.

लाँड्री बंद झाली. मशीन भंगारवाल्यानं नेलं. परिषदेसाठी बांधलेलं जे मोठं हॉटेल होतं, त्याच्या तळघरात चादरी-टॉवेल धुवायला कंत्राटदाराला बायका हव्या होत्या. ताई तिथे लागली. एकेकाळी स्वतःच्या गल्ल्यावर बसणारी बाई, आता कंत्राटदाराच्या पोराला विचारून पाणी प्यायला जायची.

बरेच दिवस धाकट्याला तिथे जायचं धैर्य झालं नाही. गेला तो एका दुपारी, हॉटेलच्या मागच्या दाराशी, जिथे कामगार जेवायला बसतात. ताईच्या अंगावर राखाडी गणवेश होता. मनगटाला पट्टी होती. गरम चादरींचे गठ्ठे ओढताना भाजलं, म्हणाली. भावजी बरे आहेत, तुझी मुलं बरी आहेत ना, असं सगळं विचारून झालं. मग तिनं डबा उघडला आणि खाता खाता सांगायला लागली.

"तुमच्या खात्याचा माणूस आला होता परवा. म्हातारासा, पाय ओढत चालणारा. परिषदेमुळे किती जणांना नोकरी लागली ते मोजत होता. मला विचारलं, तुम्ही परिषदेनंतर लागलात का. मी म्हटलं, हो. त्यानं लिहून घेतलं."

"आधी काय करत होतात, ते विचारलं नाही?" धाकट्यानं विचारलं. विचारलं नसणार हे त्याला ठाऊक होतं. हेही प्रश्न त्यानंच काढलेले होते.

"तसा प्रश्नच नव्हता त्याच्याकडे. पण मीच आपणहून बोलले. म्हटलं, मागच्या गल्लीत आमची लाँड्री होती, आणि तुमचे ते साहेब आहेत ना, हे सगळं ठरवणारे, तो माझा सख्खा भाऊ." ताईनं घास चावून संपवला. "तो म्हणाला, बाई, तुमची काहीतरी गफलत होतेय. साहेबांचं त्या गल्लीत कोणी नाही. मोठ्या मॅडमनी त्यांना समोरासमोर विचारलं होतं, तेव्हा मी तिथेच उभा होतो."

धाकट्याला वर बघवेना. आतून भट्टीची वाफ येत होती आणि पलीकडे दोघीजणी हसत होत्या. त्यानं विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"काय म्हणणार? तो म्हातारा माणूस, उगीच त्याच्या कामात घोटाळा नको. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. माझं तिथे कोणी नाही. पुढचा प्रश्न विचारा."

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. ताईनं डबा धुवून घेतला, पिशवीत ठेवला आणि बाकीच्या बायकांबरोबर जिना उतरून खाली कामाला गेली.